शेजारणीचं मडकं आणि माझा घट

बाळांनो, यंदा घट तुम्ही दोघं बसवणार आणि तो माझ्या त्या जुन्या फोटोतल्यासारखाच हवा, असं तुमची आई फोनवर म्हणाली. म्हणून हे आत्ताच लिहिते. तो फोटो सगळ्यांनी वाखाणला, पण त्यातलं मडकं माझं नव्हतं.

ते इथे अमेरिकेत, शुगर लँडमधल्या आमच्या समोरच्या शेजारणीचं. ती कॅमेरूनची, तिथल्या माका लोकांतली. मडकं तिच्या आईने चाकाशिवाय, हाताने घडवलेलं, आणि पोटावर काडीने कोरलेल्या नक्षीच्या तीन ओळी. आई आजारी पडली म्हणून ती गावी निघाली. तिच्या घरात रंगकाम चालू होतं, म्हणून मडकं माझ्याकडे आणून दिलं.

"सिस्टर, तू डाळींच्या डब्यांनासुद्धा लेबलं लावतेस," ती हसत म्हणाली. "तुझ्याकडे याला काही होणार नाही."

त्याच आठवड्यात नवरात्र. इथल्या दुकानांतली मडकी झिलईची, ती पाझरत नाहीत. आणि घट पाझरला नाही तर भोवतीचे गहू नीट उगवत नाहीत. मी तिचं मडकं पाण्याने भरून मातीत बसवलं. व्हॉट्सॲपवर विचारता आलं असतं. ती नको म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

गहू वीतभर वाढले. दसऱ्याला मडकं उचललं तर बूड मऊ पडलेलं, मुळं नक्षीच्या खाचांत शिरलेली. जुन्या टूथब्रशने ती काढायला गेले, तर त्यांच्याबरोबर नक्षीचाही भुगा होऊन पडला.

ती परतली ती आईला पुरून. तिने मडक्यावरून बोट फिरवलं. मी म्हणाले, देवापुढे ठेवलं होतं.

"माझ्या आईसाठी?"

मी हो म्हणाले. तिने मला मिठी मारली आणि मी ती मारू दिली. पुढे कितीतरी वर्षं ती हे चर्चमध्ये लोकांना कौतुकाने सांगत राहिली.

तुमच्या आईचा फोन ठेवला आणि समोर जाऊन तिला सगळं खरं सांगितलं.

"फोन करायचास," ती म्हणाली. "आई तेव्हा अजून बोलत होती. तिलाच विचारता आलं असतं."

मडकं तिच्या बैठकीच्या खोलीत आहे. खालच्या दोन ओळी गेल्या. गळ्याखालची, तिरप्या रेघांची, एक शाबूत आहे.