तीन ठोके बाकी आहेत

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. कोणी भुताखेताचं सांगू लागलं की मी सरळ म्हणायचो, "चलो, चहा घ्या अन् घरी जा." तरी हे लिहून राहिलो... कारण सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

जबलपूरला घमापुरात आमचं छोटं घर आहे. वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. नळाची सगळी कामं माझी बायको शीला करायची. हसू नका! तिचे वडील फिटर होते, पाना-पक्कड ती माहेरूनच शिकून आली होती. मी खिळा ठोकायला गेलो की हातोडी बोटावरच बसायची. म्हणून तिनं मला गच्चीवर नेमलं — टाकीचा कॉक बंद करायचा अन् उघडायचा, बस. खालून हाक मारली तर वर ऐकू येत नसे, म्हणून ती लोखंडी पाइपावर पक्कड ठोकायची. एक ठोका म्हणजे बंद करा. दोन म्हणजे सोडा. तीन म्हणजे झालं काम, या खाली. मी काही चुकवलं की खाली आल्यावर ऐकावं लागे, "काहून उलटं फिरवून राहिले होते हो?"

मागच्या हिवाळ्यात शीला गेली.

मुलगी पुण्याला असते. फोनवर तिचं एकच — "बाबा, घर विकून टाका अन् इकडे या. साधा नळ गळला तर तुम्ही काय करणार?" आणि नेमका स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला! प्लंबरला फोन केला की म्हणे, "बाबूजी, बस निकल ही रहा हूँ." यायचं नाव नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नळ मीच बदलतो. जमलं तर इथेच राहीन, नाही जमलं तर मुलगी म्हणते तसं. पण खरं सांगतो, घर सुटलं तर शीला पुरतीच सुटेल, ह्याची मला धास्ती होती.

दुपारची वेळ होती. गच्चीवर जाऊन कॉक घट्ट बंद केला. माकडं घरात घुसतात म्हणून जिन्याच्या दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. खाली येऊन पाइपातलं पाणी संपू दिलं. जुना नळ काढला, एक थेंब नाही. नव्या नळाला पांढरी टेप गुंडाळली... उलटी! सोडली, परत गुंडाळली, स्वतःलाच शिव्या घातल्या. पण बसला एकदाचा.

अन् मग... सवय हो, दुसरं काही नाही. नळ बसला की दोन ठोके, हेच इतकी वर्षं डोक्यात. मी पक्कड उचलली आणि पाइपावर दोनदा ठोकली.

ठोकल्यावर लक्षात आलं. वर आहे कोण? ओट्याला धरून उभा राहिलो आणि रडूच फुटलं. एवढं एकटं मला तिला नेलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पाइप खडखडला. नळातून हवा फुसफुसली... आणि धो-धो पाणी आलं.

खिशातली किल्ली काढत जिना चढलो. कुलूप जसंच्या तसं. उघडून बघतो तर गच्चीवर चिटपाखरू नाही, आणि कॉक पूर्ण उघडा. समोरच्या दीदींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भैया जी, हम तो सो रहे थे." मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही कॉक बंद केलाच नसेल." अच्छा! मग जुना नळ काढला तेव्हा माझी आंघोळ काहून नाही झाली? माकडाचं काम म्हणावं, तर तो कॉक माझ्याच दोन्ही हातांनी जेमतेम फिरतो.

नळ गळत नाही. घर विकणार नाही, हे मुलीला सांगून टाकलं.

तिला एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तीन ठोके मी अजून दिलेले नाहीत. ओटा पुसताना पक्कड दिसते, हात जातोही. शीला बिचारी वर ताटकळत असेल, असंही मनात येतं. पण काम झालं म्हटलं की ती निघून गेली तर... म्हणून पक्कड परत जागेवर ठेवून देतो.