गोळी सारखी बसत नव्हती

ओहायोतल्या डब्लिन गावात, काकांच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एक जाड लाकडी बाक होता आणि त्यावर बोल्टने आवळलेला हातप्रेस. रायफलची काडतुसं ते स्वतः भरत. वापरलेली पितळी केस साफ करायची, पावडर पेटवणारी नवी कॅप बसवायची, पावडर तोलून ओतायची आणि शेवटी दांडा ओढून, डाय नावाच्या साच्यातून केसच्या तोंडात गोळी दाबायची. कॉलेजात एनसीसीत लागलेला नेमबाजीचा नाद त्यांनी ओहायोत येऊनही सोडला नव्हता. मला तो त्यांनीच लावला. शनिवारी सकाळी आम्ही दोघं रेंजवर जायचो. कागदी टार्गेट सोडून आम्ही कधी कशावर नेम धरला नाही.

२००६च्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"अरे, गोळी सारखी बसत नाहीये. एक वर, एक खोल. डाय गेली बहुतेक. येऊन फॉल्ट शोध."

"गुरू तुम्ही, आणि फॉल्ट मी शोधू?"

"मशीनमध्ये नसेल तर तो माझ्यात आहे. मग हे बंद करायचं. म्हणून दुसरा माणूस हवा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांची काडतुसं मी कॅलिपरने मोजली. लांबी दोन पूर्णांक आठ इंच हवी. दोन-तीन हजारांश इकडेतिकडे चालतं, कारण गोळ्यांची टोकंच सारखी नसतात. इथे फरक तीस हजारांशांचा होता. गोळी इतकी खोल गेली की आतला दाब वाढतो, म्हणजे हा प्रश्न नुसता नेम चुकण्याचा नव्हता.

मी डाय उघडली. गोळीला वरून दाबणाऱ्या दांडीच्या खोबणीत वंगण आणि मळ घट्ट बसला होता. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "काका, सापडला!"

"इंजिनिअर आहेस खरा," ते म्हणाले. "मला वाटलं, नुसत्या मीटिंगा करतोस."

खोबणी साफ केली. डाय जागेवर धरणारी लॉक रिंग तपासली, घट्ट होती. काही केसच्या तोंडाला आतून धातूची खरखरीत कडा होती, ती घासून काढली. मग पावडर न घालता मी दहा गोळ्या बसवल्या. सगळ्या दोन हजारांशांच्या आत. मशीन ठणठणीत होतं.

"आता तुम्ही."

त्यांनी वेगळ्या बनावटीच्या गोळ्या घेतल्या. पहिली बसवली, मोजली. थोडी वर होती. डायवरचा स्क्रू त्यांनी किंचित खाली फिरवला. बरोबर केलं. दुसरी केस उचलली, चष्मा पुसला आणि स्क्रू पुन्हा तेवढाच फिरवला.

"काका, आत्ताच फिरवलात."

"कधी?"

दुसरी खोल गेली. त्यांनी ती मोजली, मान हलवली, स्क्रू वर घेतला. तिसरी केस हातात धरली आणि स्क्रू परत वर घेतला. प्रत्येक वेळी तितक्याच काळजीने. हात जराही थरथरत नव्हता. हात थरथरत असता तर बरं, असं मला वाटलं.

दहाव्या गोळीनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

"अच्छा," ते म्हणाले. मग शेल्फवरचा भरलेल्या काडतुसांचा डबा त्यांनी स्वतःच खाली काढला. "हीही फोडायला हवीत."

हातोडीसारखं एक साधन असतं. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते. ते आपटत होते, मी पावडर तोलत होतो. वजनं बरोबर येत होती आणि मला उगाच धीर येत होता. मग एका केसमधून काहीच पडलं नाही. काकांनी ती उपडी करून तळहातावर ठोकली, दिव्याखाली धरून आत पाहिलं. असं काडतूस झाडलं की नुसत्या कॅपच्या धक्क्याने गोळी नळीत मध्येच अडकते. ते लक्षात न येता मागून दुसरी झाडली तर नळी फुटते.

"शनिवारी ही तुझ्या हातात दिली असती मी," ते म्हणाले.

"काका, आपण दोघं मिळून भरू. मी शेजारी बसेन."

"नाही रे." त्यांनी पाना घेतला आणि प्रेसचे बोल्ट काढायला लागले. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

आम्ही वर आलो. काकू तव्याशी उभ्या होत्या.

"काय निघालं?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या आधी काकाच बोलले. "डाय गेली. जुनी झाली. आता नवी कुठे घेत बसू? बंद करून टाकलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"डायच ना? मग बरं," त्या म्हणाल्या. "हात धुऊन घ्या दोघं."

त्यांनी आमच्याकडे पाठ केली. तव्यावरची पोळी करपायला लागली होती, तरी त्या ती उलटत नव्हत्या.