रिंगणाची पश्चिम बाजू

व्हर्लिन टॉलेफसन गेला तेव्हा त्याचा पाय रिकिबीत अडकलेला होता. नॉर्थ डकोटातल्या त्या भागात कुणाचा घोडा ऐकेनासा झाला की लोक तो व्हर्लिनकडे आणून सोडत आणि आठ दिवसांत तो त्याला वठणीवर आणून देई. दोर, चाबूक आणि दमछाक, एवढंच त्याचं शास्त्र. त्या ऑक्टोबरात जुनिपर नावाच्या तांबड्या घोडीने त्याला पाडलं आणि गोल रिंगणात तीन फेऱ्या फरफटत नेलं. पश्चिमेच्या बाजूला ती थांबली तेव्हा सगळं संपलं होतं.

व्हर्लिनचा धाकटा भाऊ ऑर्लिन म्हणाला, घोडी कत्तलखान्यात जाऊ दे. व्हर्लिनची बायको आर्डिथ नको म्हणाली. का, ते सांगितलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली ही बाई घोड्याच्या जवळसुद्धा कधी गेली नव्हती.

खोगीर नुसतं दिसलं तरी घोडीला घाम फुटायचा. रोज चारच्या सुमारास, व्हर्लिन कोठारातून बाहेर यायच्या वेळी, तिचे कान कोठाराच्या दाराकडे वळायचे. दारात कुणी नसे. खिडकीतून आर्डिथही तिकडेच बघत राहायची.

गावात कुत्री शिकवणाऱ्या एका बाईने तिला क्लिकर दिला. दाबली की टिक वाजणारी ती एक छोटी डबी. बरोबर केलं त्याच क्षणी टिक, मग खाऊ. चुकलं तर काहीच नाही, मारणं तर नाहीच. आर्डिथने मासे धरायच्या गळाचा लाल, तरंगणारा गोळा काठीला बांधून कुंपणातून पुढे धरला. तीन दिवस घोडी फिरकली नाही. चौथ्या दिवशी तिने नाक लावलं. टिक, आणि गाजराचा तुकडा. मग ती गोळ्यामागे चालू लागली, खुणेसरशी मान खाली घालू लागली, सैल दोराने शेजारून चालू लागली. खिशात तोंड खुपसलं तर आर्डिथ नुसती उभी राही. तोंड बाजूला वळलं की टिक.

पश्चिमेची बाजू मात्र ती ओलांडेना. तिथे पोचली की मान जमिनीपर्यंत खाली घालून वाट बघत राही, कुणी खूण केल्यासारखी. आर्डिथने खूण केलेली नसे.

मे महिन्यात ऑर्लिन कुंपणाला टेकून हे बघत होता.

"वहिनी, ही सर्कस झाली. दादाने बघितलं असतं तर पोट धरून हसला असता."

"बघतोय की," आर्डिथ म्हणाली.

मग घोडीकडे बघतच ती बोलली. "त्या दिवशी मी खिडकीत होते, ऑर्लिन. सकाळपासून तो मारत होता तिला. तोंडातून रक्त येत होतं. तिने त्याला पाडलं तेव्हा पहिल्या फेरीलाच मी घराच्या दारापाशी पोचले होते. कडीवर हात होता माझा. कडी काढली ती तिसऱ्या फेरीनंतर."

ऑर्लिनने तिच्या हातातली काठी घेतली आणि भाऊ पडला होता तिथे जाऊन, गोळा पुढे धरून उभा राहिला. घोडी कितीतरी वेळाने, एकेक पाऊल टाकत आली आणि तिने नाक लावलं. आर्डिथने टिक वाजवलं.

जूनमध्ये आर्डिथ स्वार झाली. घोडी चार पावलं शांत चालली की टिक. मग ती थांबून मान मागे वळवी आणि खाऊ घेई. पश्चिमेला तिने मान खाली घातली. आर्डिथने टाच मारली नाही. हळूच व्हर्लिनचं नाव घेतलं आणि थांबून राहिली. घोडी आपणहून पुढे चालू लागली, तेव्हा टिक वाजवायचं आर्डिथला सुचलंही नाही.

पुढे सात वर्षं त्या दोघी गव्हाच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवर दिसत. ऑर्लिनने ती गोष्ट कुणाजवळ काढली नाही. दर रविवारी तो गाजरं घेऊन येई. घरात मात्र पुन्हा कधी शिरला नाही. कडाक्याच्या थंडीतही कॉफी बाहेर पायरीवर बसूनच प्यायचा.