आजीच्या दहाव्याला लिहिलेली ओळ

भातात कालवलेल्या काळ्या तिळांचा वास आला, की मला आजीचा दहावा आठवतो. पवनेच्या काठी पिंड मांडून तास झाला होता, कावळे झाडावर बसून होते, पण एकही शिवत नव्हता. वडील हात जोडून म्हणाले, "आये, आक्काला कदी अंतर देनार न्हाई, शिव आता." शेजारी आत्या, म्हणजे त्यांची आक्का, रडत होती. माझं डोकंच फिरलं, कारण वारसनोंदीचा कागद आहे असं सांगून वडिलांनी तिला वडगावच्या कचेरीत नेऊन जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, आणि हे फक्त मला नि माझ्या भावाला ठाऊक होतं. तिथं रेंज नव्हती, पण ट्रेकसाठी घेतलेल्या एका ॲपवर ब्लूटूथनं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर मेसेज जायचे. पलीकडे उभ्या भावासाठी मी लिहिलं, 'आत्याला फसवून जमिनीच्या कागदावर सही घेतली, मग कावळा शिवेल कसा?' लगेच उत्तर आलं, 'कुठली सही?' भावाचे दोन्ही हात तर जोडलेले होते. मी हादरून वर पाहिलं, तर आत्याची मुलगी हातात फोन धरून माझ्याकडे बघत होती. ट्रेकला तीही होती, आणि त्या ॲपवरचं लिहिणं आसपास ते ॲप असलेल्या सगळ्यांनाच दिसतं, हे मी साफ विसरले होते. ती आत्याकडे वळली, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "शिवला, शिवला!" वडील डोळे पुसत म्हणाले, "बघ आक्का, आयेला पटलं माजं." आत्या तेव्हा मुलीच्या फोनमध्ये वाचत होती. आजीनं त्या दिवशी नेमकं कुणाचं ऐकलं, हे मला अजून ठरवता येत नाही.