व्याह्यांचं कलम अकरा

माझ्या धुळ्याच्या व्याह्यांसमोर साक्षात देव जरी वर द्यायला उभा राहिला, तरी हात जोडायच्या आधी ते विचारतील, “साक्षीदार कोण कोण?” दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर टेबल टाकून त्यांनी हयातभर लोकांची खरेदीखतं लिहिली. टेबल सुटलं, खोड सुटली नाही. आमच्या नातीच्या बारशाला त्यांनी नावाचा कागद करून आणला होता आणि पाळण्याशेजारी शाईचा पॅड ठेवून दोन्ही आत्यांचे अंगठे घेतले होते. आत्या एम. ए. झालेल्या. “सही नाकारता येते, अंगठा नाही. उद्या कुणी म्हणायला नको की नाव मला पसंत नव्हतं,” असं त्यांनी सांगितलं. माझा ‘आ’ जो वासला, तो बारशाच्या प्रत्येक फोटोत तसाच आहे.

मी जळगावात बसून दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिते. आयुष्य त्यांचं, नाव त्यांचं, वाक्यं माझी. पन्नाशीत हा उद्योग सुरू केला तेव्हाची मी आठवली की आता तिचा कान पिळावासा वाटतो. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि ओठांवर एकच वाक्य, “विश्वास हाच माझा करार.” पहिलं गिऱ्हाईक पाचोऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. प्रकाशनाला मला पहिल्या रांगेत बसवून ते माईकवरून म्हणाले, “या पुस्तकातला स्वल्पविरामसुद्धा माझा आहे!” सगळ्यात मोठ्याने टाळ्या कोणी वाजवल्या असतील? मीच, गाढवीने. वर मला भेट दिलेल्या प्रतीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘वाचनाची गोडी लागो, या शुभेच्छेसह.’

हे ऐकून व्याह्यांनी बशी अशी खाली ठेवली, जणू चहात झुरळ निघालं.

“करार?”

“तोंडी.”

“याहीनबाई,” ते धुळ्याच्या अहिराणीवर आले, म्हणजे प्रकरण गंभीर. “बठ्ठं कागदवर!” म्हणजे सगळं कागदावर.

आठ दिवसांत त्यांनी माझ्यासाठी करारनामा पाठवला आणि मी पलंगावर बसले ती बसलेच. त्यांना खरेदीखताखेरीज दुसरं काही लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माणसाच्या आयुष्याचंच खरेदीखत केलं होतं. त्यात चतुःसीमा होती! पूर्वेस जन्मगाव, पश्चिमेस निवृत्ती, दक्षिणेस सासर, उत्तरेस आजार व दवाखाने. याबाहेर लेखिकेने पाऊल टाकू नये. आणि कलम अकरा, निधिनिक्षेप. ‘सदर आयुष्य खोदताना पुस्तकाबाहेरचे जे काही सापडेल, ते ज्याचे आयुष्य त्याच्याच मालकीचे राहील.’

“जमिनीत पुरलेला हंडा निघाला तर कुणाचा, हे आधी लिहावं लागतं,” ते फोनवर म्हणाले. “माणूस खोदला तरी हंडे निघतातच.”

मी हसून हसून बेजार झाले. यावलच्या अक्का येईपर्यंत.

अक्का केळीच्या बागायतदारीण, पंचाहत्तरी गाठलेल्या. त्यांच्या दोन मुलांनी आईचं पुस्तक करायला मला बोलावलं. व्याही हट्टाने बरोबर आले. “काम मुलं देतात, पण आयुष्य आईचं. करार आईशी,” असं म्हणत त्यांनी ओसरीवर सगळी कलमं खणखणीत वाचली. “व माय!” अक्का म्हणाल्या, “माह्या जिंदगीचा सातबारा काढला का भाऊ तुम्ही?” आणि सही ठोकली. मुलं तेवढ्या वेळात मोबाईलवर केळीचा भाव बघत होती. व्याह्यांनी बोट ठेवलं तिथे त्यांनीही सह्या केल्या.

महिनाभर अक्का बोलल्या, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. त्यातल्या तीन दुपारी त्या जे बोलल्या, ते पुस्तकात नको म्हणाल्या. काय ते मी तुम्हालाही सांगणार नाही. ऐकताना माझ्या हातातलं पेन खाली पडलं होतं, एवढंच सांगते.

पुस्तक झालं. मग एके सकाळी थोरला मुलगा जळगावला हजर. “मावशी, आईची सगळी रेकॉर्डिंग द्या. तिन्ही दुपारी तिने आम्हाला खोलीबाहेर का काढलं, ते कळायला पाहिजे.” त्याचा आवाज चढला आणि माझ्यातली ती जुनी इस्त्रीची बाई जागी झाली. बिचाऱ्याची आईच ना ती, देऊन टाकावं. मी मोबाईल उचललासुद्धा. नशीब, नातीला भेटायला आलेले व्याही कोपऱ्यात दाणे सोलत होते.

“कलम अकरा,” ते मान वर न करता म्हणाले.

“मी मुलगा आहे तिचा!”

“आणि खाली साक्षीदार क्रमांक एक.”

त्याने कागद पाहिला. स्वतःची सही पाहून तो असा दचकला, जणू आरशात दुसराच कुणी दिसला. “काका, मी वाचलंच नव्हतं हो.”

“कुणीच वाचत नाही, भाऊ. म्हणून तर माझी चूल पेटली. दाणे घ्या.”

दुसऱ्या दिवशी यावलची बस पकडून मी मोबाईल अक्कांच्या हातात दिला. बागेत बसून त्यांनी तिन्ही दुपारी परत ऐकल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, मग रडल्या. “पुसून टाक व बाई,” म्हणाल्या. मी पुसलं.

गेल्या महिन्यात व्याही मुक्कामाला आले. जरा थकलेत, जिना दोनदा थांबून चढले. म्हणाले, “आता माझं लिहा.” मी चेष्टेने म्हटलं, “आणा करार. तुमची चतुःसीमा बघू तरी!” त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. ना स्टॅम्प, ना सीमा, ना कलमं, ना साक्षीदार. त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ होती, ‘विहीणबाईंना योग्य वाटेल ते लिहावे.’

इतक्या वर्षांत मला एवढा धक्का त्यांनीसुद्धा कधी दिला नव्हता.

“आबा, हे काय? आणि हंडे निघाले तर?”

“निघतीन,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तुमनावर भरवसा शे.”

असल्या कागदाला कचेरीत कुणी विचारणार नाही. मी तो साडीच्या घडीत ठेवलाय. रोज दुपारी ते बोलतात, मी लिहिते. काल पहिला हंडा निघाला. त्यात काय होतं, ते मात्र विचारू नका.