सारख्या अंतराचे बावीस पडदे

गिटार घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे एक यादी होती. वहीच्या मधल्या पानावर लिहिलेली, आणि इतके दिवस खिशात वागवलेली की घड्यांवरची अक्षरं उडून गेली होती. आर्वीतल्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्रा म्हणजे सहा माणसं, दोन मोठे स्पीकर आणि भाड्याची जीप. गणपती, शारदोत्सव, लग्नं. आष्टीपासून पुलगावपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथं जायचं. एकाच कार्यक्रमात आधी गझल, मग लावणी, मग पोरांना नाचायला काहीतरी धडाकेबाज. माझी जुनी गिटार या सगळ्याला एकच रडका आवाज काढायची, आणि दर दोन गाण्यांनी उतरायची. मी सूर लावत बसलो की निवेदक त्याचे ठेवणीतले विनोद काढायचा आणि लोक माझ्याकडे बघून शिट्ट्या मारायचे.

तर मला सगळं करणारी एकच गिटार हवी होती, तीही आमच्या खिशाला झेपणारी. तारांखाली त्यांचा आवाज पकडणारे तीन पिकअप पाहिजेत, त्यातला शेवटचा दुहेरी, म्हणजे आवाज जाड येतो. तो बारीक करायचा असेल तर फक्त बटण वर ओढायचं, की त्यातल्या तारेच्या दोन गुंडाळ्यांपैकी एक बंद. तारा घट्ट धरून ठेवणाऱ्या, लॉक होणाऱ्या खुंट्या. सूर हलवणारी दांडी, पण वापरून झाल्यावर तारा पुन्हा जागेवर आणणारी. हे सगळं मी एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचून काढलं होतं आणि घरात जो सापडेल त्याला समजावून सांगत होतो. आईनं एकदा ऐकलं आणि भाजी निवडायला निघून गेली. बाबांनी मात्र दोनदा ऐकलं, आणि म्हणाले, "लाकडाची वस्तू हाये न? मंग मी येतो."

बाबा सुतार. बाजाराच्या मागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दारं, खिडक्या, दिवाण, आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी महिनाभर लाकडी नंदीबैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं सजवलेले लाकडी बैल ओढत घरोघरी जातात. आमच्या भागातले निम्मे बैल बाबांच्या हातचे असायचे, आणि कोणता बैल कोणत्या साली केला हे ते शिंगांवरून सांगायचे. गिटार त्यांना एवढीच माहीत होती, की पोरगा ती गळ्यात अडकवून उभा राहतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

सकाळच्या एसटीनं आम्ही नागपूरला गेलो. सीताबर्डीतल्या दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या होत्या. माझ्या यादीत बसणाऱ्या दोनच निघाल्या. एक काळीभोर, आरशासारखी चकचकीत, यादीतलं सगळं असलेली. दुसरी साध्या लाकडी रंगाची. तिच्यात तीन पिकअप होते, ओढायचं बटणही होतं, पण खुंट्या साध्या. दुकानदारानं काळी ॲम्प्लिफायरला जोडली. मी बटण वर ओढलं, खाली दाबलं, गझल वाजवली, लगेच नाचाचं वाजवलं. माझे कान तापले होते. ती एकच गिटार सहा माणसांचं काम करत होती.

तेवढ्यात बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. दाराच्या चौकटीचं उभं लाकूड तपासावं तशी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, कडेवरून टोकापर्यंत पाहिलं. मग बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत वरपर्यंत गेले. अंगठ्याचं नख मागच्या बाजूला जरासं रोवलं. दुकानदार कसनुसा हसला. मग बाबांनी दुसरीवर तेच केलं आणि ती बराच वेळ हातात धरून ठेवली.

"काळीच्या दांड्याचं लाकूड वलं हाये," ते म्हणाले. "एकबी उन्हाळा पाह्यला नाई यानं. पीळ खाईन. ते दुसरी घे, बेटा."

दुकानदार मला हिंदीत म्हणाला, की ये फॅक्टरी का माल है, मशीन से सुखाया हुआ, आणि नेकच्या आत लोखंडी सळई असते, वाकला तर चावीनं सरळ करता येतो. मी मान डोलावली. मग बाबांनी त्याला विचारलं, की हा काळा रंग थोडा खरवडून खालचं लाकूड बघता येईल का. दुकानात कॉलेजची दोन पोरं होती, ती फिदीफिदी हसली. मी बाबांच्या कोपराला धरलं आणि घरी कधीच बोलत नाही तशा पुस्तकी मराठीत हळूच म्हणालो, "बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

ते गेले. काचेतून मला ते समोरच्या रसवंतीपाशी उभे दिसत होते, पिशवी दोन्ही हातांत धरून. रस काही घेतला नव्हता. मी काळी गिटार घेतली. परतीच्या एसटीत ती वरच्या फळीवर ठेवू म्हटलं तर त्यांनी ठेवू दिली नाही, आर्वी येईपर्यंत मांडीवर आडवी धरून बसले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, की बटण ओढलं की नक्की काय होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, हुशार माणसानं केलं आहे.

दीड वर्ष मी राजा होतो. शारदोत्सवात लोक माझं नाव घेऊन फर्माईश करायचे. मग आपल्या वर्ध्याकडचा एक खरा उन्हाळा आला, पाण्याचे माठ रिकामे करणारा, आणि त्या उन्हाळ्यात नेकनं पीळ खाल्ला. सळईनं वाक काढता येतो, पीळ काढता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. वरच्या तारा खालच्या आडव्या पट्ट्यांवर घासून खरखर करू लागल्या आणि खालच्या दोन इतक्या उचलल्या गेल्या की बोटांनी दाबताच येईनात. मी चावी फिरवून फिरवून थकलो. बाबा दुकानातून येता-जाता बघायचे. मी सांगितलं होतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. लोकांना डीजे स्वस्त पडायला लागला. मी पुण्याला एका गोदामात कामाला लागलो आणि गिटार सोबत नेली. तिथल्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं सांगितलं, की बाकी गिटार उत्तम आहे, नेक बदला. चार स्क्रू काढले की नेक वेगळा होतो. नवा नेक मला परवडणारा नव्हता. हे मी फोनवर असंच बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी एसटीडीवरून स्वतःहून फोन केला, आणि त्यांनी आधी कधी फोन केल्याचं मला आठवत नाही. माप सांग, म्हणाले. लांबी, वरची रुंदी, खालची रुंदी, जाडी. मला हसू येत होतं आणि कंटाळाही. मी टेप लावून सगळं इंचात आणि सुतांत सांगितलं. पडदे किती, त्यांनी विचारलं. तारेखाली आडव्या बसवलेल्या पितळी पट्ट्यांना ते सतारीसारखं पडदेच म्हणायचे. बावीस, मी म्हणालो, आणि उद्या लवकर उठायचं आहे असं सांगून फोन ठेवला.

त्या वर्षी पोळ्याला मी घरी गेलो, गिटार न घेता. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दुकानासमोर बैल न्यायला आलेल्या बायकांची गर्दी होती आणि बैल नेहमीपेक्षा फारच कमी होते. बाबांना यंदा वेळ नाही मिळाला, आई म्हणाली. तेवढ्यात बाबा आतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवलं.

तो नेक होता. सागवानाचा, मधासारख्या रंगाचा. लाकूड मी ओळखलं. हिंगणीकडून आणलेली ती फळी माझ्या लग्नात करायच्या दिवाणासाठी आढ्याला बारा-तेरा वर्षं वाळत पडलेली होती. मागची गोलाई इतकी गुळगुळीत की हात आपोआप सरकत टोकापर्यंत जात होता. खुंट्यांची सहा भोकं एका रेषेत. पितळी तार ठोकून, घासून बसवलेले बावीस पडदे, एकाचंही टोक बोटाला लागत नव्हतं. आणि पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत सगळे पडदे अगदी सारख्या अंतरावर.

गिटारीचे पडदे वर जाता जाता जवळ जवळ येतात. तसे आले नाहीत तर एकही सूर खरा लागत नाही. हे मला इतकं सवयीचं होतं की सांगायचं सुचलंही नव्हतं. आणि मी काय केलं? मी हसलो. बायका उभ्या होत्या, आई उभी होती, आणि मी म्हणालो, "बाबा, हा गिटारचा दांडा हाये का शिडी?"

बायकाही हसल्या, कशाला ते न कळता. बाबांनी नेक माझ्या हातातून परत घेतला, डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला.

"काऊन? चुकलं का काई?"

मी समजावून सांगितलं, यादीतलं सांगायचो त्याच मास्तरी सुरात. त्यांनी नीट ऐकलं. मग पडद्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मले वाटलं सारखं पाह्यजे. एकाले जास्त जागा, एकाले कमी, असं कसं करावं?"

मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. हात तरी धरायला हवा होता. मी घड्याळ बघितलं, कारण मित्र वाट बघत होते. बाबांनी तो नेक पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "पुढच्या टाइमले जुना दांडा घेऊन येजो. त्याच्यावरून माप घेतो." येतो घेऊन, मी म्हणालो.

दिवाळीला मी गेलो नाही. सुट्टी नाही असं कळवलं. खरं म्हणजे मी पैसे साठवले होते आणि त्या सुट्टीत पुण्यात नवी गिटार निवडत फिरत होतो. आता बाजारात माझ्या त्या यादीच्या पुढच्या वस्तू आल्या होत्या, त्याही आवाक्यातल्या किमतीत. चार दुकानं पालथी घातल्यावर एक हिरवट रंगाची सापडली. विकत घेण्याआधी मी तिचा नेक डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला आणि पेरानं ठोकून पाहिलं. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तरी घेतली. बाबांना सांगितलं नाही. ते फोनवर दर वेळी विचारायचे, जुना दांडा कधी आणतो, आणि मी दर वेळी सांगायचो, या खेपेला नक्की. तो काळ्या गिटारीसकट माझ्या खाटेखाली धूळ खात पडला होता, चार स्क्रू काढायचा आळस.

संक्रांतीनंतर एका सकाळी बाबा दुकानात रंधा मारता मारता खाली बसले, ते उठले नाहीत. मी पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. कशाचं काय केलं ते मला आठवत नाही. खांदा दिला तेव्हा ते फार हलके वाटले, एवढंच आठवतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईनं मला दुकान उघडायला सांगितलं. भुसा झाडलेला होता, पटाशा ओळीनं लावलेल्या. भिंतीला दोन खिळ्यांवर एक नेक आडवा ठेवला होता. मला वाटलं, तोच. जवळ गेलो तर दुसरा. त्याच फळीतला, तोच रंग, तीच गोलाई, खुंट्यांची भोकंही पाडलेली. पुढची बाजू मात्र कोरी होती. एक पडदा नाही, पेन्सिलची एक रेघ नाही. बाजूला बरणीत पितळी तारेचे तुकडे कापून ठेवले होते. मी मोजले नाहीत. मला माहीत होतं किती असतील.

"दिवाळीच्या आंधी करून ठेवला," आई दारातून म्हणाली. "तुह्या जुन्या दांड्याची वाट पाहून राह्यले होते."

मी तिथेच भुशावर बसलो आणि रडलो. तोवर रडलो नव्हतो.

मधेच पुण्याला जाऊन मी ती काळी गिटार घेऊन आलो. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तेव्हा दुपारी दुकानात बसून चार स्क्रू काढले. काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. जुना नेक मी बाबांच्या कोऱ्या नेकशेजारी, त्यांच्याच पाटावर ठेवला आणि त्यांचीच पट्टी घेतली. लांबी जुळली. वरची रुंदी, खालची रुंदी जुळली. जाडी जुळली. मग कोरा नेक गिटारीच्या खाचेत बसवून पाहिला; हलकासा दाब दिला आणि तो सरळ जाऊन बसला, कुठे कागद शिरायला जागा नाही. फोनवर घाईघाईत मी जे जे सांगितलं होतं, ते एक सूतही न चुकता उतरलं होतं. सांगायचं राहिलं होतं तेवढंच त्यांनी मोकळं ठेवलं होतं.