मालतीताई आणि माझी आंबट बिअर

मालतीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जिन्याखालच्या कपाटात एका झाकलेल्या बादलीला कान लावून बसल्या होत्या. लंडनच्या पिनर भागात त्यांच्या शेजारी राहायला आलो, म्हणून मी आणि माझी बायको वीणा पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी हातानेच गप्प राहायची खूण केली. मिनिटभराने कार्डिगन झटकत उठल्या. "छान फसफसतंय. बसा. चहा घेणार की बिअर?"

तीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. मी भूल देणारा डॉक्टर. झोपलेल्या माणसांवर लक्ष ठेवण्याचा पगार घेणारा. एक बादली सांभाळणं मला काय जड, असं वाटून मीही घरी बिअर बनवायचं किट आणलं. ताईंनी बजावलं, "यीस्ट घातलंस की गारसर जागी ठेव आणि आठवडाभर विसर. त्याचं काम त्याला करू दे."

मी बादली वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली; तिथल्या फळ्यांवर वीणा कपडे ठेवायची. ऊब मिळाली की लवकर होईल, हा माझा शोध. दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या नळीतले बुडबुडे थांबले. बिअर मेली, असं निदान करून मी यीस्टचं आणखी एक पाकीट घातलं आणि झाकण टेप लावून घट्ट बसवलं. फेसाने नळी तुंबली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रविवारी सकाळी आम्ही पोहे खात असताना वर धडाम् आवाज झाला. झाकण छताला आपटलं होतं आणि वरच्या फळीवरच्या वीणाच्या शालूवरून तपकिरी फेस ओघळत होता.

आवाज ऐकून ताई मॉप घेऊनच आल्या. कपाटात डोकावल्या. "मेलेलं माणूस एवढं ओरडत नाही, डॉक्टर. नाडी पाहिली होतीस का?"

वीणा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसरी बिअर ताईंनी स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या नजरेखाली लावायला लावली. मी रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून जायचो. "हात शिवशिवतात ना? मग मटार सोल," म्हणत त्या परात पुढे सरकवायच्या. मटार सोलतानाच एकदा कळलं, की बिअरचा नाद खरा त्यांच्या यजमानांचा. "ते गेले तेव्हा बादली अर्ध्यावर होती. ओतून कशी देणार? मग शिकले."

एकदा त्या दुकानात गेल्या होत्या. मी झाकण उचललंच. बोटही बुडवून पाहिलं.

बाटल्या तयार होईपर्यंत ताईंनी अंथरूण धरलं होतं. दुखणं पोटाचं होतं आणि पुढचं काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांची मुलगी लीड्सहून येऊन राहिली होती. मी ग्लास भरून नेला. ताईंनी घोट घेतला.

"आंबट झाली आहे. झाकण उघडलं होतंस."

"नाही हो, ताई..."

"नळी भिंतीकडे होती, ती दाराकडे आली होती. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा चेहरा किती खूश होता रे!" असं म्हणून त्यांनी ग्लास पुढे केला. "ओत अजून."

दोन आठवड्यांनी त्या गेल्या. शेवटी शेवटी औषधांना तोंड फिरवायच्या, पण ती आंबट बिअर मात्र रोज दोन घोट मागून घ्यायच्या, असं मुलीनं मला सांगितलं.